घाटात पिकअप गाडी दम का सोडते? इंजेक्टर बदलण्याआधी एवढी चौकशी करा

एप्रिल-मेचे दिवस. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून निघालेली डिझेल पिकअप साखरप्यापर्यंत झकास येते. पुढे आंबा घाट लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी दम सोडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, पण गाडी काही उठत नाही. मागे एसटी हॉर्न मारतेय. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, बंद करतो, पाच मिनिटांनी पुन्हा सेल मारतो, तर गाडी पहिल्यासारखी! दुसऱ्या दिवशी फिटरकडे नेली तर तिथे एकदम शहाण्यासारखी चालते.

कायमचा बिघाड सापडतो. असा येऊन-जाऊन असणारा बिघाड मात्र भल्याभल्यांना फिरवतो. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. आधी इंजेक्टर, मग पंप, मग टर्बो. हजारो रुपये जातात आणि गाडी घाटात पुन्हा तिथेच अडकते.

तर मुळात चढावर होतं काय? आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात टाकीतलं डिझेल फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे जातं आणि तिथून रेल नावाच्या जाड नळीत दाबून भरलं जातं. इंजिन नुसतं चालू असताना रेलमधला दाब साधारण २५० ते ३०० बार असतो. पूर्ण लोडवर तोच १,६०० बारच्या आसपास जातो. तुलनेसाठी, पिकअपच्या टायरमध्ये चार-पाच बार हवा असते! सपाट रस्त्यावर अर्धवट चोंदलेला फिल्टरही गरजेपुरतं डिझेल देतो. भरलेली गाडी चढाला लागली की मागणी वाढते, फिल्टर पुरा पडत नाही आणि रेलचा दाब पडतो. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हे बघतो आणि इंजिन वाचवायला ताकद कापतो. यालाच लिंप मोड म्हणतात. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद करून चालू केलं की हे बंधन उठतं, म्हणून गाडी 'आपोआप बरी' झाल्यासारखी वाटते.

म्हणूनच पहिलं हत्यार पाना नाही, वही आहे. गाडी कधी दमते ते लिहा. चढावरच की सपाटीलाही? टाकीत डिझेल किती होतं? इंजिन गरम होतं का? खड्ड्यात आदळल्यावर झालं का? आणि आरशात धूर कसला दिसला?

धुराची खूण जुन्या फिटर लोकांची, पण आजही कामाची. ताकद गेली आणि काळा धूर आला तर डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. ताकद गेली आणि धूरच नाही, तर आधी डिझेलच्या बाजूला बघा. डीपीएफ बसवलेल्या बीएस६ गाड्यांत मात्र काजळी आतच अडकते, तिथे ही खूण चालत नाही.

डिझेलची बाजू असेल तर सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून. फिल्टर शेवटचा कधी बदलला? त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी निघतंय का? टाकी निम्म्याखाली गेली की त्रास वाढत असेल, तर टाकीकडून येणाऱ्या नळीतून इंजिन हवा ओढत असू शकतं. फिल्टरच्या आधी थोडी पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. गंमत म्हणजे अशा ठिकाणी डिझेल बाहेर गळेलच असं नाही, कारण इथे बहुतेक गाड्यांत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. आणखी एक फुकटची तपासणी: गाडी दमली की टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर दोष झाकणाच्या बुजलेल्या छिद्राचा.

हवेची बाजू असेल तर टर्बो ते इंटरकूलरचे रबरी पाईप हाताने दाबून, वळवून बघा. चीर उभ्या गाडीत मिटलेली असते, टर्बोचा दाब आला की उघडते. शिट्टीसारखा आवाज आणि पाईपवर तेलकट, काळा डाग ही तिची निशाणी. टर्बोला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी फाटली तरी हेच होतं, आणि बिल मात्र अनेकदा टर्बोचं फाटतं.

स्विच मारल्यासारखी ताकद एका क्षणात जात असेल, तर वायरिंग बघा. सैल कनेक्टर, घासलेली वायर, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर. गरम झाल्यावर इंजिन पूर्णच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर चालू होत असेल, तर क्रँक सेन्सरचा संशय येतो.

स्कॅनर लावण्याआधी बॅटरीची वायर काढून 'रीसेट' करू नका, नोंदलेला कोड पुसला जाऊ शकतो. आणि कोड हा निकाल नव्हे. पी ००८७ म्हणजे रेलचा दाब कमी, एवढंच. पंप गेला असं तो सांगत नाही, चोंदलेल्या फिल्टरमुळेही तो येतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, मग कारण फाटका पाईप का असेना. खरी गंमत लाइव्ह डेटामध्ये आहे: शेजारी बसलेल्याने भरलेल्या गाडीत, चढावर, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर बघायचा. फिटरच्या दारात हे आकडे जुळतातच. एवढं सगळं ठीक निघालं की मगच इंजेक्टरचं रिटर्न डिझेल बाटल्यांत मोजायची वेळ येते.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. इंजिन चालू असताना हाय प्रेशर नळीची गळती बोटाने चाचपायची नाही, ती धार कातडीतून आत घुसते आणि तातडीने ऑपरेशन करावं लागू शकतं. आणि गाडी दमली म्हणून इंजिन बंद करून घाटाच्या उतारावर सोडायची नाही. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनच तयार करतं. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, आणि मागे भरलेल्या पेट्यांचं वजन असतं.