एका सहीची गोष्ट

कायदा आणि त्याचे नियम यांमध्ये केवढे अंतर असते, हे टिपणे लिहिण्यात दिवस काढणाऱ्या आम्हां कारकुनांस निराळे सांगावयास नको. अमेरिकेत १९७३ साली झालेल्या पुनर्वसन कायद्याच्या अखेरीस, कलम ५०४ म्हणून, एकच वाक्य होते. संघसरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेने केवळ अपंगत्वापायी कोणास वगळू नये, हा त्याचा आशय. परंतु ते अंमलात आणणारे नियम मसुद्यातच पडून राहिले.

१९७६ साली अध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांनी ते काढण्याचे वचन दिले. कार्टर निवडून आले. आणि त्यांचे आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो मसुदा पुन्हा तपासू लागले. ('पुन्हा तपासणे' म्हणजे काय, ते आम्ही जाणतो!) कार्टर यांचे वचन खोटे होते, असे आम्हांस वाटत नाही, ते टेबलावर अडले होते.

५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील त्या खात्याच्या कचेरीत शंभरावर माणसे शिरली, ती उठेचनात. त्यांच्या अग्रभागी ज्यूडी ह्यूमन, बालपणीच पोलिओ झालेली, चाकांच्या खुर्चीत. टेलिफोन तोडले गेले, तेव्हा बहिऱ्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर बातमी पोचविली. कूस बदलावयासही ज्यांना दुसऱ्याचा हात लागे, तेही तेथेच राहिले. ब्लॅक पँथर पक्षाने गरम जेवण पुरविले.

२८ एप्रिलला कॅलिफानोंनी सही केली. नियम जवळजवळ जसेच्या तसेच होते. दोन दिवसांनी ती माणसे इमारतीबाहेर आली.