एका कारभाऱ्याची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरींची जी वेधशाळा उभी राहावयाची आहे, तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंविषयी आणि २०२३ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुमारे २६०० कोटी रुपयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु अशा बाहूंनी टिपलेल्या कंपनांचा अर्थ लावण्यासाठी जी अगणित गणिते करावी लागतात, त्यांची सहस्रावधी संगणकांवर वाटणी करणारा कारभारी कोण, हे क्वचितच कोणी विचारले असेल. एचटीकॉन्डॉर हे त्या आज्ञावलीचे नाव. अमेरिकेतील लायगो या अशाच वेधशाळेच्या संशोधकांची कामे या आज्ञावलीमार्फत चालतात आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेतील ‘सारथी’ या संगणकसमूहावरही तिचाच अंमल आहे.

तिचे मूळ अमेरिकेतील मॅडिसन येथे, विस्कॉन्सिन विद्यापीठात आहे. तेथे मिरॉन लिव्हनी आणि त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले की, एका दालनातील संगणक तासन्‌तास रिकामे पडून असतात आणि त्याच वेळी शेजारच्या दालनातील संशोधक यंत्राअभावी खोळंबून बसलेला असतो. १९८८ साली त्यांनी कॉन्डॉरचा (हे तिचे आधीचे नाव) जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच तिला रिकाम्या यंत्रांची शिकारी म्हटले होते. मात्र यंत्राच्या धन्याचा हक्क अबाधित राखलेला होता: त्याने परत येऊन कळफलकावर बोट ठेवले की परके काम तत्काळ थांबे, काही वेळात तो उठला नाही, तर त्या कामाची स्मृतीतील सारी स्थिती एका फाइलीत उतरवून घेतली जाई, आणि दुसरे यंत्र मोकळे होताच ते जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू होई. या एका सौजन्यामुळेच लोकांनी आपली यंत्रे तिच्या स्वाधीन केली, असे मला वाटते.

त्याच १९८८ साली पुण्यात जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुकाची स्थापना झाली. तेथे संजीव धुरंधर यांनी, बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह, वेधांतील गोंगाटात दडलेली लहर सैद्धांतिक नमुन्यांशी ताडून कशी हुडकावी, याचे गणित १९९१ च्या सुमारास मांडले. २०१५ च्या सप्टेंबरात पहिली लहर सापडली तेव्हाच्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने ताडले जात होते. नमुने ताडण्याची ही कामे बहुतांशी परस्परनिरपेक्ष असतात; त्यामुळे एखादे काम किती चपळाईने उरकले यापेक्षा महिन्याकाठी एकंदर किती कामे हातावेगळी झाली, यालाच महत्त्व. लिव्हनींचा आग्रह नेमका याच हिशेबाचा होता.

कॉन्डॉर मोठी झाली ती गरजेगणिक पडत गेलेल्या लहान भरींनी. वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींच्या धर्तीवर, काम आपल्या गरजा आणि यंत्र आपल्या अटी जाहीर करते व मध्यस्थ दोहोंचा मेळ घालतो, ही योजना नव्वदीच्या दशकातली. अमुक काम पुरे झाल्यावाचून तमुक सुरू होऊ नये, हा क्रम सांभाळण्यासाठी डॅगमॅन आला. समजा, पाचशे कामांच्या मालिकेत मध्येच एक फसले, तर डॅगमॅन झालेल्या कामांची नोंद असलेली एक बचावाची फाइल लिहून ठेवतो. दोष काढून पुन्हा हुकूम सोडला की झालेले काम पुन्हा होत नाही. रात्रभराची मेहनत वाया जाण्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या फाइलीचे मोल कळेल. पुढे भरींबरोबर छाटणीही झाली. कामाची स्थिती परस्पर उतरवून घेण्याची ती जुनी, मानाची सोय कालांतराने काढून टाकली गेली व तो भार कामाच्या कर्त्यावर सोपविण्यात आला. आजही आवृत्त्यांच्या एका शाखेत केवळ दोषदुरुस्ती आणि दुसरीत नव्या सोयी, अशी विभागणी कसोशीने पाळली जाते. कारण महिनोन्‌महिने चाललेली गणिते एखाद्या उतावळ्या सुधारणेपायी बंद पडू देणे कोणत्याही वेधशाळेस परवडणार नाही.

या आज्ञावलीचा मूळ मसुदा सर्वांस खुला आहे. दुधाळ्याचे बाहू लहरी टिपू लागतील, त्यापूर्वी हिंगोलीच्या वा वसमतच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने तो उघडून वाचावा आणि त्यातील एखादी लहानशी दुरुस्ती स्वतः करून पाठवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.