कलेक्टरखालचे बटाटे

आजची गोष्ट उन्हाच्या वाटणीची. एकाच जमिनीवर सोलर पॅनल लावायचे की पीक घ्यायचं? महाराष्ट्रात हा प्रश्न आता बांधावर येऊन उभा राहिलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्याने दिली, की हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. पण मग पिकाचं काय?

प्रश्न जुना आहे. १९८१ मध्ये जर्मनीत आडोल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन त्साश्ट्रो यांनी एक लेख लिहिला. शीर्षक काय, तर 'कलेक्टरखाली बटाटे'! कल्पना साधी होती. पॅनल जमिनीपासून साधारण २ मीटर वर न्या, रांगांमध्ये मोकळी जागा सोडा आणि खाली शेती चालू ठेवा. पण तेव्हा पॅनल इतके महाग, की सगळं कागदावरच राहिलं.

पुढचा धागा जपानचा. अकिरा नागाशिमा यांनी वनस्पतिशास्त्रातली एक गोष्ट पकडली: एका मर्यादेपुढे ऊन वाढलं तरी प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. म्हणजे जास्तीचं ऊन विजेला देता येतं! २०१३ मध्ये जपान सरकारने शेतावर पॅनल लावायला परवानगी दिली, पण अट घातली: उत्पादन २० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये.

तरी सावली पडणारच ना? मग शास्त्रज्ञांनी ऊन रंगांनुसार वाटायला घेतलं. २०१४ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड लंट यांच्या टीमने काचेसारखा पारदर्शक पॅनल बनवला. तो डोळ्यांना न दिसणारा अतिनील आणि अवरक्त प्रकाश घेतो. दिसणारा, म्हणजे झाडांच्या कामाचा, प्रकाश आरपार जातो. अडचण एकच, कार्यक्षमता जेमतेम १ टक्का. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या संशोधकांनी ग्रीनहाऊसवरच्या किरमिजी रंगाच्या पॅनलचे निकाल मांडले. हे पॅनल थोडा निळा-हिरवा प्रकाश विजेसाठी घेतात. ८० टक्के झाडांना काही फरक पडला नाही, २० टक्के उलट जास्त चांगली वाढली.

आणि ते बटाटे? २०१६ मध्ये जर्मनीतच, हेगेलबाखच्या शेतावर ५ मीटर उंचीवर पॅनल लागले. २०१७ मध्ये खालचा बटाटा सुमारे १८ टक्के घटला. २०१८ चा उन्हाळा मात्र कडक आणि कोरडा गेला. तेव्हा त्याच सावलीत उघड्या शेतापेक्षा ११ टक्के जास्त बटाटा निघाला.

म्हणजे सावली नुकसान करते की छत्री धरते, हे पीक आणि त्या वर्षीचं ऊन ठरवतं. म्हणून उद्या घरी कुणी पॅनलसाठी जमीन मागायला आलं, तर भाड्याचा आकडा ऐका आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा: पॅनल किती उंचीवर लावणार?

भेटू पुढच्या भागात!