विट्टे लेऊ जहाजावरील क्राक ठिकरी

‘विट्टे लेऊ’ (पांढरा सिंह) हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज १६१३ साली दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटापाशी बुडाले. त्यातून निघालेल्या चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांचा हा तुकडा. असे तुकडे ढिगाने मिळाले असून आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये ते जपलेले आहेत.

जहाज जावातील बँटमहून मायदेशी परतत होते. जून महिन्यात, आजच्या जेम्सटाउनसमोरच्या उपसागरात, त्याची दोन पोर्तुगीज कॅरॅक जहाजांशी गाठ पडली. चकमकीत विट्टे लेऊवरच्याच दारूचा स्फोट झाला आणि ते तळाला गेले. बेल्जियन पाणबुडे संशोधक रॉबेर स्तेनुई यांनी १९७६ मध्ये ते शोधून काढले. मालाच्या यादीत मिरीची १५,१७१ पोती, लवंग, जायफळ आणि १,३१७ हिरे आहेत. चिनी मातीचा उल्लेखच नाही. हिरे सापडले नाहीत. कागदावर पत्ता नसलेली भांडी मात्र मिऱ्यांच्या थरातून वर आली. तो कोणाचा खासगी माल असावा, किंवा यादीच अपुरी असावी.

ठिकरी पातळ आणि कडक. कोबाल्टची निळी चित्रे झिलईच्या खाली असल्याने साडेतीन शतकांहून अधिक काळ खाऱ्या पाण्यात राहूनही रंग टिकला. बशीच्या मध्यापासून काठाकडे पाकळ्यांसारखे कप्पे पाडलेले, कप्प्यांत पीचची फळे, फुले, फितीने बांधलेली शुभचिन्हे. ठिकरी उलटी केली की कारागिराची घाई दिसते: बुडाच्या कड्याला भट्टीतली वाळू चिकटलेली, तळावर चाकावर तासताना उमटलेल्या बारीक रेघा. काठावरची झिलई जागोजाग उडते; जपानी रसिक त्याला ‘मुशिकुइ’, म्हणजे कीड लागलेले, म्हणत. हा निर्यातीचा माल होता, चिनी दरबारात तो खपला नसता. चीनमधील जिंगदेजेनच्या भट्ट्यांत, मुख्यतः वानली बादशहाच्या काळात (१५७३–१६२०), तो मोठ्या प्रमाणावर तयार होई.

अशा भांड्यांचे ‘क्राक’ हे नाव कॅरॅकवरूनच आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डचांनी १६०२ मध्ये याच बेटाजवळ ‘सां तियागो’ आणि १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ ही पोर्तुगीज जहाजे पकडली. त्यांतल्या चिनी भांड्यांनी हॉलंडला या मालाची चटक लावली. मराठीने मालाला देशाचे नाव दिले, डचांनी लुटलेल्या जहाजाचे. विट्टे लेऊ बुडाले तेही कॅरॅकवर चाल करतानाच.

क्राक भांड्यांवर सहसा साल नसते. जहाज कधी बुडाले हे मात्र पक्के ठाऊक आहे. त्यामुळे या ठिकऱ्यांची घडण १६१३ च्या अलीकडची असूच शकत नाही. १९८२ मध्ये या संचाची सविस्तर सूची प्रसिद्ध झाली. तेव्हापासून इतर क्राक बशांचा काळ ठरवताना त्या या तुकड्यांशी ताडून पाहतात.