सूक्ष्मजीवांची वंशावळ आणि मानवी स्थलांतरे

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी मार्गावरील गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस जाऊ लागली. पुढे तिचा फाटा पंढरपुरासही पोहोचला. अशा जंक्शनावर उतरलेल्या उतारूचे मूळ गाव केवळ त्याच्या शेवटच्या गाडीवरून सांगता येत नाही. त्याने मार्गात कोठे गाडी बदलली, हेही पाहावे लागते. सूक्ष्मजीवांच्या जनुकांवरून मानवी स्थलांतरांचा शोध घेणाऱ्यानेही हेच भान ठेवावयास हवे.

सर्वच सूक्ष्मजीव या कामी सारखे उपयोगी नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगच्या जंतूची वंशावळ चीनकडे पोहोचते, असे २०१० च्या संशोधनात दिसून आले. परंतु उंदीर, पिसवा आणि मालवाहतूक यांच्याबरोबर पसरणारा हा जंतू व्यापाराचा मार्ग सांगतो, माणसांचा वंश नव्हे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीची गोष्ट वेगळी. त्याचा संसर्ग बहुधा बालपणी व कुटुंबातच होतो. म्हणून त्याच्या जनुकांत पिढ्यांचा प्रवास बऱ्याच अंशी टिकून राहतो. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी तो मानवाबरोबर पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडला असावा, असे अनुमान २००७ मध्ये मांडण्यात आले.

त्याच वर्षी हैदराबाद येथील संशोधकांनी भारतीय जंतूंचे युरोपीय जंतूंशी निकट नाते दाखवून त्याचा संबंध प्राचीन इंडो-आर्यांच्या आगमनाशी जोडला. येथे सावधगिरी अवश्य आहे. 'युरोपीय' हे वर्गनाम आजच्या आढळावरून पडलेले आहे. तो गट मुळात मिश्र असून त्याचा एक घटक मध्य आशियातील, तर दुसरा ईशान्य आफ्रिकेतील मानला जातो. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या जठरातील जंतूचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जंतू आजच्या युरोपीय जंतूंपेक्षा मध्य व दक्षिण आशियातील जंतूंना अधिक जवळचा निघाला! एकाच देहावरून संपूर्ण खंडाचा इतिहास ठरत नाही, हे खरे. तथापि आजच्या भूगोलाची नावे प्राचीन काळावर लादणे किती फसवे ठरते, हे त्यावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, जंतूंची वंशावळ हा इतिहासाचा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. उत्खनन, भाषा आणि मानवी जनुके यांच्या साक्षीशी ती पडताळल्यावाचून 'मूळचे कोण आणि उपरे कोण' या वादात तिचा निवाडा म्हणून उपयोग करणे इतिहासाभ्यासकास शोभणारे नाही.