काचेतला धोटा

धोट्यापासून सुरुवात करतो. कारण शहराच्या इतिहासाच्या प्रदर्शनात आपल्या वाट्याला आली ती ही एकच वस्तू, आणि तीही आपली नव्हे. आपल्या माणसाला जिला हात लावू दिला नाही, ती.

एका संग्रहालयानं गिरणगावावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि मला संशोधक म्हणून घेतलं. काम काय, तर जुने कागद धुंडाळायचे, वस्तूंची माहिती काढायची आणि काचेच्या प्रत्येक पेटीखालची पाटी लिहायची. पाटी साठ शब्दांची. एकसष्टावा शब्द चालत नाही.

आता धोट्याचं काम कसं चालायचं ते बघा. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी धरायचं आणि तोंड लावून श्वासानं बाहेर ओढायचं. हाच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. झालं! अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसा लावणार? म्हणून साचा खातं आपल्याला बंद. आपली माणसं त्रासन खात्यात, नाहीतर झाडलोटीला. आणि चांगली मजुरी होती ती साचा खात्यात. क्षयाचे जंतू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेले चालत होते. जात गेलेली चालत नव्हती.

१९२८चा संप सहा महिने चालला, दीडेक लाख कामगार बाहेर होते. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की साचा खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमच्या माणसांना संपात राहा म्हणून मी सांगणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुषीनं मागणी घेतली. मालकांनी ती वाचून काय म्हणावं? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! यात ते साळसूद ठरत नाहीत, पण बोट त्यांनी बरोबर जागी ठेवलं होतं. जातीनं कामगारांत फूट पाडली हा आरोप पुढं बाबासाहेबांवरच झाला. १९३८च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीनं संप करणारे तेच होते, हे सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो.

हे सगळं साठ शब्दांत बसवून मी पाटी लिहिली. ती परत आली. विषय वादग्रस्त आहे, पुरावा काय, शाळेची पोरं येतात, वगैरे. पुरावा पुढं ठेवला. मग दुरुस्ती सुचवली गेली : ‘काही समाजांना या खात्यात काम मिळत नसे.’ वाक्य बघा, मित्रांनो. मिळत नसे! पाऊस पडत नसे, तसं. कोण देत नव्हतं, का देत नव्हतं, याचा पत्ताच नाही. शिवी नाही, खोटंही नाही, पण अन्याय करणारा माणूस वाक्यातून नाहीसा. प्रस्थापितांचा इतिहास बहुतेक याच व्याकरणात लिहिलेला आहे. मी अडून बसलो. शेवटी मराठी पाटीवर ‘अस्पृश्य’ आणि ‘विटाळ’ हे दोन शब्द राहिले. इंग्रजी पाटीवर ‘काही समाज’च आहेत.

पाटीचं भांडण तरी बरं, तिथं वस्तू होती. बाकी ठिकाणी वस्तूच नाही, आणि संग्रहालयाचा नियम असा की वस्तू आणा, मग लिहू. गिरणीमालकाच्या घरून तैलचित्र येतं, वहीखाती येतात. झाडूवाल्याच्या घरून काय येणार? झिजलेला झाडू कुणी जपत नाही. १८८८च्या महापालिका कायद्यात हलालखोर कर होता. बंगलेवाल्यांनी भरलेल्या कराचा हिशेब सापडतो. ज्यांनी मैला वाहिला त्यांची नावं सापडत नाहीत. (हलालखोर म्हणजे कष्टाचं खाणारा. नाव तेवढं मोठ्या मनानं दिलं.)

मग आपलं कुठं आहे? चाळींत आहे. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते, दोन खोल्यांत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. कोणती चाळ बौद्धांची हे १९७४च्या जानेवारीत दगड मारणाऱ्यांना पाठ होतं. वरून टाकलेल्या दगडी पाट्यानं भागवत जाधव त्याच महिन्यात गेला. आता त्या चाळी पडतायत. २०२५ साली वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चांगलं झालं, सार्वजनिक संडासाच्या रांगेसाठी मी रडणार नाही. पण घर बदलताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आधी भंगारवाल्याकडं जाते, आणि आपलं संग्रहालय त्या ट्रंकेत असतं.

म्हणून ज्याच्या ओळखीचं घर त्या चाळींत असेल त्यानं या महिन्यातच जावं. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, मंडळाचं इतिवृत्त, वर्गणीची पावती, भजनाची वही, मोर्चाचं पत्रक, काय असेल ते बघावं. मूळ कागद घरच्यांकडंच राहू द्या, त्यांना लुबाडायचं नाही. फोटो काढून घ्या. ग्रुपफोटो असेल तर म्हातारीला शेजारी बसवा, कोण कुठला विचारा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहा. शाई पुढं उमटते.