विटबीच्या काळ्या अलंकाराची कुळकथा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यात, विटबी नावाचे एक बंदर आहे. तेथील कड्यांतून जेट नावाचा एक काळाभोर पदार्थ निघतो; त्याला झिलई उत्तम चढते, पण हाती घेतला असता तो वजनाला हलका भरतो आणि दगडाचा गारवा त्यात जाणवत नाही. १८६१ साली प्रिन्स अल्बर्ट निवर्तले, व्हिक्टोरिया राणीने जन्मभराचे सुतक धरले, आणि दरबारी सुतकात शोभेल असा हा अलंकार पाहता पाहता मध्यमवर्गीय घरांतूनही अनिवार्य होऊन बसला. त्याची हौस त्यापूर्वी नव्हती असे नाही. कांस्ययुगीन थडग्यांतून त्याच्या माळा सापडल्या आहेत आणि रोमन अमलात यॉर्कचे कारागीर तो कोरीत असत. परंतु ही सारी अलीकडची पिढी झाली. या घराण्याचा मूळ पुरुष गाठावयाचा तर सुमारे १८ कोटी ३० लक्ष वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे भेटते ते एक झाड.

हे झाड आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात शोभेसाठी लावतात त्या अरौकेरियाच्या गोतातले. नदीच्या पुराने त्याचा ओंडका समुद्रात लोटला, तो दीर्घकाळ तरंगला, भिजून जड झाला आणि तळच्या चिखलात जाऊन पडला. एरवी अशा ओंडक्याचा निकाल थोड्याच काळात लागतो. लाकूड पोखरणारे जीव आणि कुजविणारे जंतू त्याची खूणही मागे ठेवीत नाहीत. या ओंडक्याला मात्र खाणारे कोणी उरले नव्हते, कारण तळच्या पाण्यातला प्राणवायू संपला होता.

तो संपण्याचे कारण दूर दक्षिणेत घडत होते. त्या काळी एकमेकांस जोडलेल्या आफ्रिका व अंटार्क्टिका या भूभागांत लाव्ह्याचे प्रचंड लोट भूपृष्ठावर येत होते; ज्या जातीच्या उद्रेकांनी पुढे कितीतरी काळाने आपल्या सह्याद्रीचे कातळ रचले, त्याच जातीचे हे उद्रेक. त्यांतून निघालेल्या कार्बन डायॉक्साइडने हवा तापली आणि हवेमागोमाग समुद्र तापला. आता, शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. खाऱ्या पाण्यात तर दोन्ही आकडे आणखी उतरतात. परंतु समुद्राचा घात एवढ्याने झाला नाही. तापलेले, नद्यांच्या आगमनाने गोडसर झालेले हलके पाणी वर पसरले, आणि लोणच्यावरच्या तेलाने बरणीत हवा जाऊ देऊ नये तसे त्याने खालच्या पाण्याचा वाऱ्याशी असलेला व्यवहार तोडला. वाढत्या पावसाने झिजलेल्या खडकांतली पोषक द्रव्ये नद्यांनी समुद्रात आणली, त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजल्या. आणि त्या मरून खाली पडल्या तेव्हा त्यांच्या कुजण्यात, बंद झालेल्या त्या कोठारातली उरलीसुरली शिल्लकही खर्ची पडली.

या अवस्थेचा दाखला विटबीच्या कड्याच्या खडकातच आहे. कड्याचा खालचा राखी शेल, म्हणजे चिखल थरांनी साचून झालेला खडक, पाहावा तर त्यात तळाशी राहणाऱ्या जीवांच्या वहिवाटीच्या खुणा आढळतात. त्याच्या वर जेटचा थर सुरू झाला की खडक काळा होतो, सुरीच्या पात्याने सुटावेत असे तलम पापुद्रे दिसू लागतात, आणि भिंगाखाली लोहमाक्षिकाचे पिवळे कण चमकतात. चिखल ढवळणारे किडे नाहीसे झाले, म्हणून पापुद्रे अभंग राहिले. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंनी पाण्यातल्या सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड केला, त्याची लोहाशी गाठ पडली, म्हणून ते पिवळे कण. सुतकाचा अलंकार गुदमरलेल्या समुद्रात जन्मावा, हा योगायोग एखाद्या कवीच्या पथ्यावर पडेल; मला त्याहून विलक्षण वाटते ते हे की, ज्या अभावाने तळाची सारी वस्ती उठली, त्याच अभावाने हे लाकूड राखले.

त्याच कड्याच्या जरा वरच्या थरांनी इंग्लंडला तुरटी दिली, ही या कुळाची दुसरी शाखा. रंग पक्का बसविण्यास तुरटीवाचून गत्यंतर नव्हते आणि तिचा मोठा पुरवठा पोपच्या मुलखातून येई. रोमशी बिनसल्यावर तो बेभरवशाचा झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी यॉर्कशायरात तुरटी निघू लागली आणि पहिल्या जेम्स राजाच्या दरबाराने तिचा मक्ता आपल्या हाती घेतला. शेलचे ढीग फांद्यांवर रचून ते महिनेन् महिने जाळीत. लोहमाक्षिकातला गंधक अशा रीतीने कामी येई. मग भाजलेला शेल पाण्यात भिजवून त्या पाण्यात समुद्रशेवाळाची राख किंवा मानवी मूत्र घालीत, आणि हे मूत्र खुद्द लंडनहून गलबतांत भरून येत असे! हा उद्योग १८७१ साली बंद पडला.

जेटच्या कारागिरांना आपल्या मालाचे हे मूळ ठाऊक असणे शक्य नव्हते. १९७६ साली सेमूर श्लँगर व ह्यू जेंकिन्स यांनी पॅसिफिकच्या तळातून काढलेले क्रिटेशस काळातील काळे थर तपासून असे प्रतिपादन केले की, समुद्राचा प्राणवायू विस्तीर्ण प्रदेशांत एकाच सुमारास सरला होता. पुढे जेंकिन्स यांनीच विटबीच्या थरांच्या काळालाही तोच न्याय लावला. जर्मनीत होल्ट्समाडेन येथे याच काळातला काळा शेल आहे आणि त्यात मत्स्यसरड्यांच्या केवळ अस्थीच नव्हे, तर कातडीची आकृतीही उमटलेली सापडते. तेथेही लचके तोडणारे कोणी उरले नव्हते.

विटबीच्या मालाला मागणी वाढली तेव्हा काळी काच ‘फ्रेंच जेट’ या नावाने बाजारात आली. ती हाताला गार लागते. जुन्या वस्तूंचे व्यापारी आणखीही एक परीक्षा करतात: झिलई न चढविलेल्या चिनी मातीवर अलंकाराची कड ओढावी, काच रंगाची रेघ सोडीत नाही, जेटची रेघ मात्र तपकिरी उमटते.